निष्ठांचा अनुक्रम

आयुष्यांत आपण कोणत्या गोष्टींना किंमत देतां, असा प्रश्न कोणत्याही सुशिक्षित गृहस्थाला विचारला, तर उत्तर बहुधा ठराविक येतें. सत्य, कुटुंबावरील प्रेम, स्वाभिमान, विद्या, देशसेवा, परोपकार, आरोग्य आणि थोडीशी सुबत्ता. हें उत्तर खोटें नसतें. परंतु एवढ्यावरून त्या गृहस्थाची ओळख पटत नाहीं. कारण शेजारच्या गृहस्थाची यादीही हुबेहूब हीच असते. दोघांत जो भेद आहे, तो नांवांत नसून क्रमांत आहे. दोन चांगल्या गोष्टी एकाच वेळीं दाराशीं येतात आणि दार एकीलाच पुरेल इतकें अरुंद असतें; अशा वेळीं आधीं कोणाला आंत घेतलें, यावरून घरधन्याची खरी निष्ठा कळते.

याचें उदाहरण शोधावयास महाराष्ट्राला दूर जावें लागत नाहीं. १८८० सालीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८१ मध्यें ‘केसरी’ सुरू झाला, आणि टिळक व आगरकर या दोन्ही उद्योगांत खांद्याला खांदा लावून उभे राहिले. कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं दोघांनीं डोंगरीचा तुरुंगवासही एकत्र भोगला. पुढें त्यांचें बिनसलें. आगरकरांना स्वराज्य नको होतें असें नाहीं, आणि समाज आहे तसाच राहावा अशी टिळकांचीही इच्छा नव्हती. वाद होता तो आधीं काय आणि मागाहून काय, एवढाच. १८८७ सालीं आगरकरांनीं ‘केसरी’चें संपादकत्व सोडलें व १८८८ मध्यें ‘सुधारक’ काढला. तुरुंगानें जी मैत्री तुटली नाहीं, ती अनुक्रमाच्या प्रश्नानें दुरावली. यावरून हा प्रश्न केवढा भारी आहे, हें लक्षांत यावें.

मग आपला स्वतःचा अनुक्रम मनुष्यानें ओळखावा कसा? या प्रश्नाच्या उत्तरासाठीं मराठवाड्यांतील एका लहानशा जिल्ह्याकडे वळणें उपयोगी पडेल. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्याचे दोन भाग होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वांत आला. जिल्हा वयानें लहान असला, तरी त्याच्या भूमीशीं दोन अशा पुरुषांचीं नांवें जोडलेलीं आहेत, कीं ज्यांच्या चरित्रांतून या विषयाचे दोन धडे मिळतात. त्यांच्यामध्यें साडेसहाशे वर्षांचें अंतर आहे.

पहिले संत नामदेव. त्यांचें मूळ स्थान याच जिल्ह्यांतील नरसी, अशी परंपरा आहे. संतमंडळी एकत्र जमली असतां मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनीं हातांत थापटणें घेतलें आणि, कुंभार मडकीं वाजवून पाहतो त्याप्रमाणें, प्रत्येकाच्या डोक्यावर थापटून परीक्षा केली, ही कथा सर्वश्रुत आहे. इतर सर्वांनीं तें निमूटपणें सोसलें. नामदेव मात्र रागावले, आणि हें मडकें कच्चें आहे असा निर्णय झाला. विठ्ठलाचा लाडका भक्त म्हणून ज्यांची ख्याति, त्यांच्या वांट्याला हा अपमान आला.

कथेंतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी तींतील मानसशास्त्र खरें आहे. मनुष्य तोंडानें काय मानतो हें त्याच्या बोलण्यावरून कळतें. आंतून काय मानतो हें तो कशानें चिडतो यावरून कळतें. नामदेवांच्या ओठांवर विठ्ठल होता, यांत संशय नाहीं. पण थापटणें डोक्याला लागलें तेव्हां दुखावला गेला तो विठ्ठल नव्हे, तर ‘विठ्ठलाचा लाडका’ हा मान. भक्ति आणि मान या दोन वस्तु इतकीं वर्षें एकत्र नांदत होत्या, कीं त्यांतली वरची कोणती हें नामदेवांना स्वतःलाही उमगलें नव्हतें.

या कथेचा उत्तरार्ध औंढा नागनाथ येथें घडतो. औंढ्याचें देऊळ बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक मानलें जातें, आणि नरसीप्रमाणें तेंही आज हिंगोली जिल्ह्यांतच आहे. तेथें विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले नामदेवांना दिसले. नामदेवांना तें सहन झालें नाहीं. विसोबांनीं, जेथें देव नाहीं तेथें हे पाय उचलून ठेव, असें सांगितलें. आणि नामदेवांनीं पाय जेथें जेथें ठेवले, तेथें तेथें पिंडी उमटली. विसोबांना त्यांनीं गुरु केलें. मोठेपणा मिळालेल्या मनुष्यानें पुन्हां शिष्य होणें ही सोपी गोष्ट नव्हे. ज्या मानासाठीं ते रागावले होते, तो त्यांनीं आपल्या हातानें खालच्या पायरीवर ठेवला, आणि ज्ञानाला वरची जागा दिली. भक्ति त्यांनीं सोडली नाहीं; तिच्या आड आलेलें तेवढें बाजूला केलें. त्यांची वाणी पुढें पंजाबांत इतकी रुजली, कीं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत त्यांच्या नांवावर ६१ पदें आहेत.

दुसरे नानाजी देशमुख. त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ रोजीं या जिल्ह्यांतील कडोळी गांवीं, गरिबीच्या घरांत झाला. शिक्षणाच्या खर्चासाठीं त्यांनीं भाजी विकली असें त्यांचे चरित्रकार सांगतात. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि पुढें जनसंघ यांच्या कार्यांत त्यांचें आयुष्य गेलें. त्यांचीं राजकीय मतें सर्वांनाच मान्य होतील असें नाहीं. परंतु येथें विचार मतांचा नसून क्रमाचा आहे. १९७७ सालीं ते उत्तर प्रदेशांतील बलरामपूर येथून लोकसभेवर निवडून आले. जनता पक्षाचें राज्य आलें व मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळांत त्यांना स्थान देऊं करण्यांत आलें. त्यांनीं तें घेतलें नाहीं. साठी उलटलेल्यांनीं सत्तेचें राजकारण सोडून समाजाच्या कामाला लागावें, असें त्यांनीं जाहीरपणें म्हटलें, आणि १९७८ सालीं तें स्वतः आचरून दाखविलें. गोंडा जिल्ह्यांत व नंतर चित्रकूट परिसरांत शेती, पाणी, शिक्षण आणि ग्रामोद्योग यांचें काम त्यांनीं आरंभिलें. चित्रकूटचें ग्रामोदय विश्वविद्यालय १९९१ मध्यें स्थापन झालें, तें त्यांच्याच पुढाकारानें. १९९९ सालीं राष्ट्रपतींनीं त्यांची राज्यसभेवर नेमणूक केली, ती त्यांनीं स्वीकारली. पण कार्यक्षेत्र चित्रकूटच राहिलें. २७ फेब्रुवारी २०१० रोजीं तेथेंच त्यांचें निधन झालें, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें देह वैद्यकीय संशोधनासाठीं देण्यांत आला. २०१९ मध्यें त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालें.

मंत्रिपद ही वाईट वस्तु नव्हे. त्या पदावरूनही लोकांचें भलें करितां येतें. म्हणूनच हा त्याग बोधप्रद आहे. वाईट टाकून चांगलें घेणें याला नीति म्हणतात. पण चांगलें टाकून अधिक आपलें असें चांगलें घेणें, याला आपली निष्ठा ओळखावी लागते. आणि हा अनुक्रम जन्मभर एकच राहतो असेंही नाहीं. आपल्या पूर्वजांनीं चार आश्रम कल्पिले, त्यांत हेंच शहाणपण होतें. पंचविशींत जी वस्तु पहिली, ती साठींत पहिली राहिलीच पाहिजे असा आग्रह धरणें, म्हणजे लहानपणचा सदरा म्हातारपणीं अंगांत घालूं पाहणें होय.

नामदेवांच्या कथेनें एक कसोटी दिली, रागाची. नानाजींच्या चरित्रानें दुसरी दिली, त्यागाची: कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीसाठीं हिशेब न ठेवतां सोडली, हें मनुष्यानें आपल्या मागल्या आयुष्यांत पाहावें. तिसरी कसोटी प्रत्येकाच्या घरीं आहे, ती म्हणजे जमाखर्चाची वही. विद्या ही सर्वांत श्रेष्ठ असें म्हणणाऱ्या घरांत वर्षाकांठीं पुस्तकांवर किती रुपये पडले आणि लग्नकार्यांतल्या आहेरावर किती, हें वही निर्विकारपणें सांगते. पैशांप्रमाणेंच वेळेचाही एक महिन्याचा जमाखर्च लिहून पाहावा. कुटुंबाला अग्रपूजेचा मान देणाऱ्या गृहस्थाच्या वहींत मुलांशीं बोलण्याची वेळ आठवड्याला अर्धा तास निघाली, तर त्यानें वहीवर रागावूं नये.

आतां एक प्रसंग कल्पावा. वसमतच्या हळदीच्या बाजारांत एका आडतीवर एक दिवाणजी आहे. वडील वारले तेव्हां आडत्यानें त्याला कामाला ठेवून घेतलें; त्या उपकाराची त्याला जाणीव आहे. मुलगी नांदेडला शिकत आहे, तिची फी याच पगारांतून जाते. एके दिवशीं धनी सांगतो, शेतकऱ्यांच्या पट्ट्यांवर वजन थोडें कमी लिहीत जा. सत्य, कृतज्ञता आणि अपत्यप्रेम ही तिन्ही त्याच्यापुढें एकदम उभीं राहतात, आणि तिन्ही पूज्य आहेत. ज्यानें आधीं कधीं क्रम लावला नाहीं, तो अशा वेळीं त्या दिवशींच्या भीतीला निर्णय देऊं देतो, आणि मग त्याच निर्णयाला कृतज्ञतेचें किंवा अपत्यप्रेमाचें नांव देऊन झोपीं जातो.

समजा, त्यानें सत्याला पहिली जागा दिली आहे. तर तो खोटा आंकडा लिहिणार नाहीं, तेवढें ठरलें. पण म्हणून कृतज्ञता व अपत्यप्रेम निरुपयोगी झालीं काय? मुळींच नाहीं. कृतज्ञता त्याला सांगेल, कीं चारचौघांत धन्याची अब्रू काढण्यापूर्वीं त्याला एकांतांत गांठ, हात जोडून विनव, सुधारण्याची संधि दे. तरीही धनी न ऐकेल, तर शेतकऱ्याचें नुकसान झांकून ठेवावयास ती सांगणार नाहीं. अपत्यप्रेम सांगेल, कीं आजच दुसऱ्या कामाचा शोध घे आणि मुलीला खरें काय तें समजावून सांग. पहिली निष्ठा काय करावें हें ठरविते; तिच्या खालच्या निष्ठा तें कसें करावें हें ठरवितात. अनुक्रम लावणें म्हणजे खालच्यांना घराबाहेर काढणें नव्हे. त्यांना त्यांचें त्यांचें काम नेमून देणें होय. नोकरी जाण्याचा संभव आहेच, आणि फीची चिंताही खरी आहे. परंतु काय द्यावें लागणार व कशासाठीं, हें त्या मनुष्याला ठाऊक असतें. तो फसत नाहीं, आणि दुसऱ्याला फसवीत नाहीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांना हें पटेल, त्यांनीं आज रात्रीं जेवणें झाल्यावर अर्धा ताव कागद घ्यावा. आपल्याला प्रिय असलेल्या दहा गोष्टी त्यावर लिहाव्या. त्यांतल्या सात खोडून तीनच ठेवाव्या, आणि त्या तिहींना आंकडे घालावे. खोडतांना हात जेथें अडखळेल, तेथें थोडें थांबून विचार करावा. खरी परीक्षा तेथेंच आहे. नवराबायकोंनीं कागद वेगवेगळे लिहावे आणि मग एकमेकांना दाखवावे. क्रम जुळला नाहीं तर भांडण करूं नये. कित्येक वर्षांच्या भांडणांचें कारण त्या दोन कागदांत सांपडेल. कागद जपून ठेवावा आणि पुढल्या वर्षीं याच सुमारास जमाखर्चाच्या वहीशेजारीं ठेवून पुन्हां वाचावा.