मनाची अपुरी जागा

क्रॉसमन या ब्रिटिश संशोधकाने १९५९ साली सिगारच्या यंत्रावर काम करणाऱ्या कामगारांचा वेग तपासला. नवखा कामगार पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने सुधारतो, पुढे सुधारण्याचा वेग मंदावतो, हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते असं, की सुधारणा थांबत नाही. लाखो सिगारी झाल्या, दोन वर्षं उलटली, तरी हात थोडा थोडा चपळ होतच राहिला. शेवटी तो थांबला, कारण यंत्राला त्याहून जलद चालता येईना.

निपाणीच्या बिडीला यंत्राचा असा अडसर नाही. मांडीवर सूप, सुपात ओलवलेली पानं, तंबाखू, कात्री आणि दोरा. पान मापाने कापायचं, चिमटीने तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर, म्हणजे पंचवीस-पंचवीसच्या चाळीस जुड्यांवर. जुन्या कामगार बाईची नजर सुपाकडे क्वचितच जाते. लेकीच्या सासरच्या गोष्टी चालू असतात, चुलीवरच्या भाताकडे लक्ष असतं आणि चिमटीत येणारी तंबाखू मात्र दर खेपेला तेवढीच येते. बोधनिक मानसशास्त्र ज्याला स्वयंचलित कौशल्य म्हणतं, ते हेच. सुरुवातीला जे काम सगळं अवधान खाऊन टाकत होतं, ते सरावाने अवधान मागायचंच थांबवतं. क्रॉसमनच्या आलेखावर मांडावं अशा दर्जाचं हे कसब आहे आणि ‘बायकांचं घरबसल्या काम’ म्हणून त्याची बोळवण व्हावी, हा अन्याय आहे.

पण याच बाईला जुडी मोजताना पाहावं. सतरा, अठरा, एकोणीस म्हणताना मध्येच कुणी ‘आज किती तारीख?’ विचारलं, की मोजणी विस्कटते. वळताना गप्पा चालतात, मोजताना चालत नाहीत. असं का?

ब्रिटनमधल्या अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ साली याचं उत्तर मांडलं. क्षणापुरतं हाताशी धरून ठेवायची आणि त्याच वेळी वापरायची अशी एक स्मृती असते, तिला कार्यरत स्मृती म्हणतात. ऐकलेला आकडा तिथे मनातल्या मनात पुटपुटत धरून ठेवावा लागतो. त्या पुटपुटण्यात दुसरे शब्द घुसले की पहिले निसटतात. हातांना वेगळी वाट आहे, म्हणून वळणं आणि बोलणं एकत्र नांदतं; मोजणं आणि बोलणं मात्र एकाच वाटेवर येऊन अडतं. या स्मृतीची जागा किती? जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये ‘सात, दोन कमी किंवा जास्त’ असा अंदाज दिला. नेल्सन कोवनने २००१ मध्ये सगळे पुरावे पुन्हा चाळून तो चारच्या आसपास आणला. पंडित असला, तरी जागा एवढीच.

ही अरुंदी जिवावरही बेतते. तवंदी घाट उतरताना चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असले आणि फोन कानाला न लावता स्पीकरवर चालू असला, तरी धोका टळत नाही, कारण अडचण हाताची नसून अवधानाची आहे. स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांच्या २००१ मधल्या प्रयोगांत हातात फोन असलेले आणि नसलेले, दोघेही बोलता बोलता सिग्नल चुकवत होते. शेजारी बसलेला माणूस वळण आलं की आपसूक गप्प होतो. फोनवरच्या माणसाला घाट दिसत नसतो.

आता महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाच्या खास प्रश्नाकडे. इथलं मूल दोन भाषांत मोजतं. घरी एकवीस, बाजारात इप्पत्तोंदु. घरी बावन्न, शाळेतल्या कन्नडच्या तासाला ऐवत्तेरडु. कन्नडची रीत सरळ आहे: आधी दशक, मग एकक, लिहायचा क्रमही तोच. मराठीत एकक आधी येतो. ‘बावन्न’मधले दोन आधी ऐकू येतात आणि लिहायचे शेवटी. एकोणीस, एकोणतीस ही वजाबाकी एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णवला अचानक बेरीज होते. शंभरपर्यंतची जवळजवळ सगळीच नावं सुटी सुटी पाठ करावी लागतात.

याची किंमत पडते का? पडते. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांनी ऐकून संख्या लिहिल्या, तेव्हा त्यांच्या चुकांतला मोठा वाटा अंकांच्या उलटापालटीचा निघाला. केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकी बालकांची मोजणी ताडून पाहिली. दहापर्यंत दोघं बरोबरीत होती, फरक पडला तो अकराच्या पुढे. चिनी भाषा अकराला ‘दहा-एक’ म्हणते.

महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यानामं आली आणि केवढा गदारोळ झाला, ते इथल्या श्रोत्यांना आठवत असेल. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. मुलांच्या मनावरचा भार हलका करावा, हा त्यांचा मुद्दा शास्त्राला धरून होता. विरोधकांची भीतीही पोकळ नव्हती. ‘बावन्न’ म्हणणाऱ्या आजीशी नातवाचं नातं तुटायला नको. बेळगावच्या मुलाला मात्र हा वाद अर्धाअधिक सोडवून मिळालेला आहे. ‘ऐवत्तेरडु म्हणजे पन्नास आणि दोन, त्यालाच आपण बावन्न म्हणतो’, एवढं शिक्षकाने एकदा फळ्यावर मांडलं, की एक भाषा दुसरीची शिकवणी घेते. सीमाभागात कन्नडकडे ओझं म्हणून पाहायची सवय जडली आहे, त्यामागे सत्तर वर्षांच्या सीमावादाची दुखरी कारणं आहेत. पण मुलाच्या डोक्यात ती भाषा आहेच. ती वापरू न देणं हे त्या मुलाचं नुकसान आहे.

एलिस आणि हेनेली यांचा १९८० चा वेल्समधला अभ्यास इथल्या प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावा असा आहे. वेल्श मुलं आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचणीत मागे पडत, आणि आकड्यांची ती चाचणी बुद्धिमापनाचा भाग होती. या दोघांनी दोन्ही भाषा येणाऱ्या लोकांना तपासलं. तोच माणूस इंग्रजीत जास्त आकडे लक्षात ठेवी, वेल्शमध्ये कमी. वेल्श आकडे उच्चारायला जास्त वेळ लागतो, एवढंच कारण. मनातलं पुटपुटणं बंद पाडलं, तेव्हा फरकही नाहीसा झाला. मुलं कमी बुद्धीची नव्हती, आकडे लांब होते.

आपल्या पूर्वीच्या पंतोजींना कार्यरत स्मृती हा शब्द ठाऊक नव्हता. पण तिचा भार कसा उतरवायचा ते नेमकं ठाऊक होतं. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेतले जात. औट म्हणजे साडेतीन. बेळगावच्या गणपत गल्लीत चौसष्ट रुपये किलोची भाजी सव्वा किलो घेतली, तर कागदावर चौसष्ट गुणिले एक पूर्णांक पंचवीस शतांश असा गुणाकार मांडावा लागतो. सवायकी आलेल्या माणसाला चौसष्टाची सव्वापट ऐंशी, हे मांडावंच लागत नाही. उत्तर आधीच तयार असतं, आणि मोकळी राहिलेली जागा भाजी निवडायला, घासाघीस करायला वापरता येते. ‘घोकंपट्टी नको, विचार हवा’ हे वाक्य सभांतून हमखास टाळ्या घेतं. मानसशास्त्राचा पुरावा त्या वाक्याच्या बाजूने नाही. विचार करायला जागा लागते आणि ती जागा पाठ असलेल्या गोष्टींमुळेच मोकळी होते.

मात्र पाठ कसं करायचं, यातही भेद आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे. एका सुरात वर्गभर म्हटलेल्या पाढ्यांपेक्षा ‘सात नव्वे?’ असा उलटसुलट विचारलेला पाढा टिकतो, तो यामुळे.

स्मरणाचं याहून मोठं उदाहरण बेळगावच्या वेशीवरचंच आहे. सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ जन्मले. लहानपणीच ते नामांकित गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवू लागले आणि कुमार गंधर्व झाले. १९३५ मध्ये अलाहाबादच्या परिषदेत त्यांनी जाणकारांना चकित केलं, तेव्हा वय होतं अकरा. तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. त्यातले सूर सुटे मोजले तर शेकड्यांनी भरतील. चार-सात गोष्टींपुरती जागा असलेल्या मनात ते मावले कसे?

या प्रश्नाचं उत्तर बुद्धिबळाच्या पटावर मिळालं. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये पटावरची मांडणी पाच सेकंद दाखवून झाकली. खऱ्या डावातली मांडणी असेल, तर निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी ठेवत. नवशिक्याला चार-पाच जमत. मग सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या, तेव्हा निष्णात जवळजवळ नवशिक्याच्या पंगतीला येऊन बसला. त्याची स्मृती मोठी नव्हती. त्याला सोंगट्यांचे अर्थपूर्ण गट दिसत होते. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळपटूंच्या पिढ्या घडवल्या, त्यांचीही ताकद अशाच गटांच्या ओळखीत असणार. गाण्यातही तेच. ज्याच्या कानात रागाची चाल बसली आहे, त्याला सुटे सूर ऐकू येत नाहीत, फिरत्या, हरकती, मुखडे ऐकू येतात. कुमारांचे वडील गाणारे, घर गाण्याचं, आणि रागाचं व्याकरण लहानपणीच कानी आलेलं. म्हणूनच १९३६ मध्ये मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे गेल्यावर त्याच स्मरणातून नक्कल बाजूला पडत गेली आणि स्वतःचं गाणं उभं राहिलं, असं म्हणायला जागा आहे. नुसती तबकडी डोक्यात असती, तर ती शेवटपर्यंत तबकडीच राहिली असती.

हे झालं स्मरणाचं. तर्काचं काय? पीटर वेसनने १९६६ मध्ये एक कोडं घातलं. चार पत्ते: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७, कारण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. दहातल्या एकालाही ते धड जमत नाही.

हेच कोडं बेळगाव–निपाणी बसमध्ये घालून पाहू. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना मोफत बसप्रवास देणारी शक्ती योजना आहे. बाईकडे शून्य रकमेचं तिकीट असेल, तर तिचं ओळखपत्र कर्नाटकातलं हवं. तपासनीस बसमध्ये चढतो. एकीच्या हातात शून्याचं तिकीट दिसतं, दुसरीच्या हातात पैसे भरलेलं. तिसरी आधार कार्ड दाखवते ते चिकोडीचं, चौथीचं कोल्हापूरचं. कुणाची पुढे चौकशी करायची? पहिलीचं ओळखपत्र आणि चौथीचं तिकीट. यात अडखळणारा माणूस क्वचितच सापडेल. तर्कदृष्ट्या दोन्ही कोडी एकच आहेत. ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी १९८२ मध्ये मद्यपानाच्या वयाचा नियम घेऊन असाच प्रयोग केला, तेव्हा चारातल्या सुमारे तिघांनी बरोबर उत्तर दिलं. परवानगीचे नियम मनाला का सोपे जातात, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माणूस अनुभवाच्या आधारे तर्क करतो आणि नुसत्या चिन्हांपाशी अडतो, यावर मात्र फारसे नाहीत.

इथेच शाळेची खरी अडचण सुरू होते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात कॅराहर दांपत्य आणि श्लीमन यांनी १९८५ मध्ये रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर आले. तेच आकडे कागदावर मांडून दिले, तेव्हा सदतीस. दहा नारळांची किंमत विचारल्यावर एका मुलाने दहाने गुणलं नाही. तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तीन, आणखी तीन, मग एक, असं करत तो तीनशे पन्नासला पोहोचला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या चौदाशेहून अधिक मुलांवरचा अभ्यास ‘नेचर’मध्ये छापला. बाजारातली मुलं तोंडी व्यवहारात तरबेज, पण शाळेच्या उदाहरणांत अडखळणारी. शाळेतली मुलं नेमकी उलट. एकीकडची विद्या दुसरीकडे आपोआप जात नाही.

आपोआप जात नसली, तरी नेता येते. गिक आणि होलियोक यांनी १९८३ मध्ये दाखवलं, की एक गोष्ट ऐकून तिच्यातली युक्ती दुसऱ्या प्रश्नाला लावणं माणसाला फारसं सुचत नाही. वरकरणी वेगळ्या दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांतलं साम्य स्वतः शोधायला लावलं, की जास्त जणांना सुचतं. बेळगावच्या मंडईत आईसोबत बसणाऱ्या मुलीला वर्गात फळ्यावर बोलवावं. सव्वा किलोचा हिशेब तिने आधी तोंडी करावा, मग तिच्याच पायऱ्या शिक्षकांनी चिन्हांत लिहाव्यात आणि दोन्ही रीतींत सारखं काय ते वर्गाने शोधावं. याला अनुदान लागत नाही.

इथे शिक्षक बसले आहेत, म्हणून एक काम त्यांच्यावर सोपवतो. वेल्सचा प्रयोग सीमाभागात करून पाहावा. मराठी आकडे बहुतेक एक-दोन अक्षरांत उरकतात, कन्नडचे दोन-तीन घेतात. दोन्ही भाषा सफाईने बोलणारी मुलं निवडावीत. सेकंदाला एक अशा लयीत आधी चार आकडे वाचावेत, मुलाने त्याच क्रमाने परत सांगावेत. जमले तर पाच, मग सहा. मराठीची फेरी एके दिवशी, कन्नडची दुसऱ्या दिवशी, आणि निम्म्या मुलांना उलट क्रमाने, म्हणजे सवयीचा फायदा कुठल्याच भाषेला मिळणार नाही. प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन आकडे भरतील. मराठी माध्यम आणि कन्नड माध्यम, दोन्ही शाळांतल्या वह्या एका टेबलावर मांडून ते ताडून बघता येतील.