छायाचित्रणाचा छंद आणि आपला किनारा

कॅमेरा आता कोणाच्या हातात नाही? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी कॉलेजात शिकत होतो, तेव्हा छत्तीस फोटोंचा एक रोळ घ्यायचा म्हणजे महिन्याच्या खर्चात काटछाट करावी लागे. आज खेड्यातल्या पोराच्या मोबाइलमध्येही बऱ्यापैकी कॅमेरा असतो. तेव्हा, श्रोतेहो, कोणता कॅमेरा घ्यावा हे मी सांगणार नाही. हाताशी असेल तो चालेल. तो घेऊन आपल्या कोकणकिनाऱ्यावर केव्हा जावं आणि तिथे कसं वागावं, एवढंच बोलणार आहे.

आपला समुद्र पश्चिमेला. त्यामुळे जो तो संध्याकाळी किनाऱ्यावर जातो आणि मावळत्या सूर्याचा फोटो काढतो. काढू नये असं नाही. पण त्या वेळी उजेड समोरून डोळ्यांत येतो आणि होड्या, माड, माणसं सगळी काळी पडतात. सकाळी याच्या उलट. सूर्य डोंगराआडून, आपल्या पाठीमागून वर येतो आणि समोरच्या गोष्टींवर उजेड टाकतो. होडीचा रंग, बगळ्याचे पीस न् पीस, जाळ्याची गाठ स्पष्ट दिसते. हा तिरपा, मऊ उजेड तास-दीड तास टिकतो. मग सावल्या आखूड होतात, वाळू पांढरीफटक दिसू लागते. तेव्हा कॅमेरा पिशवीत टाकावा आणि न्याहारी करावी.

त्या पिशवीत मी पंचांगही ठेवतो. याला माझे सहकारी हसतात. पण किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा आहे, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पंचमीला पावणेचार. गावागावाप्रमाणे थोडा फरक पडतो, पण फोटो काढणाऱ्याला एवढं पुरतं. याच हिशेबाने पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी अकरा-बाराला येते, आणि सकाळी सहाच्या आसपास पूर्ण सुकती असते. ते दिवस उधाणाचे, म्हणून पाणी फार लांब जाते. ओल्या वाळूत आभाळ उतरते, एरवी बुडालेले खडक उघडे पडतात, त्यांच्या खळग्यांत खेकडे अडकलेले असतात. उलट अष्टमीला पहाटे गेलात तर पाणी पुळणीवर चढलेले. फोटो दोन्ही दिवशी मिळतो, पण कोणता मिळणार हे घरून निघतानाच ठाऊक असावं.

पक्ष्यांचेही घड्याळ हेच. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले कुरव, चिखल्या, तुतवार हे सुकतीला ओल्या वाळूत किडे टिपतात. त्यांच्या अंगावर धावून थवा उडवायचा आणि उडताना फोटो घ्यायचा, ही आपल्याकडे एक खोडच झाली आहे. त्या पक्ष्यांना परतीच्या हजारो मैलांसाठी अंगात चरबी साठवायची असते, आणि आपण त्यांना दिवसातून दहा वेळा उगाच उडवतो. त्यापेक्षा भरती सुरू होण्याच्या वेळी वाळूत बसून राहा. पाणी चढू लागले की पक्षी आपोआप वर, तुमच्याकडे सरकतात. काम समुद्र करतो. आपण फक्त हलायचे नाही.

अलिबागजवळच्या किहीमला सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पसंत करते, मगच ते पुरे होते, आणि नर पुढच्या घरट्याला लागतो, हे त्यांनी एका जागी रोज बसून पाहिलं. सुगरण तर आपल्या विहिरीवरच्या बाभळीवरही असते. लांब जायला नको.

हे शहाणपण मला आधीपासून होते असे समजू नका. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर समुद्री कासवाचा फोटो घ्यायला गेलो होतो. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री वाळूत अंडी घालायला येतात. एका खळग्यात शंभराच्या आसपास. गावातले एक वयस्क गृहस्थ सोबत होते. मध्यरात्रीनंतर एक मादी वर आली. काळ्या पाटासारखी, थांबत थांबत, धापा टाकत. गृहस्थ कुजबुजले, "पाहुणे, आता गप ऱ्हावा. तिला खड्डा काढू दे." मला धीर निघाला नाही. मी फ्लॅश मारला. ती थांबली, जागच्या जागी वळली आणि आली तशी पाण्यात गेली. गृहस्थ रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोटात अंडी घेऊन गेली." पुढे दोन रात्री आम्ही त्या पुळणीवर फिरलो. ती आली नाही. कदाचित दुसऱ्या किनाऱ्यावर गेली असेल. तो फोटो माझ्याकडे आहे: पांढरा उजेड, उडालेली वाळू आणि एक मिटलेला डोळा. मी तो कोणाला दाखवीत नाही.

कासवाच्या पिल्लांनाही उजेडाची बाधा होते. वाळूतून बाहेर आली की ती जिकडे उजळ दिसेल तिकडे धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर तो समुद्र असतो. विजेरी लावली तर ती विजेरीकडे येतात. मंडणगड तालुक्यात वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी कुंपणात राखायला सुरुवात केली. तिथे पिल्ले समुद्रात सोडताना दोरीबाहेर उभे राहून, दिवसाच्या उजेडात, पाहिजे तितके फोटो घेता येतात.

आता माणसांविषयी. मालवणकडे रापण ओढतात. मोठे जाळे होडीने समुद्रात अर्धगोल सोडायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. मी एकदा फोटो घेत उभा होतो. ओढणाऱ्यांतली एक बाई म्हणाली, "मास्तर, फोटो मगे काढा. आधी दोरयेक हात लावा." लावला. अर्ध्या तासात हाताची साले निघाली. नंतर कॅमेरा उचलला तेव्हा कोणत्या माणसाचा पाय वाळूत रुतून जोर घेतो आणि कोण नुसता दोर धरून चालतो, हे मला कळत होते. निघताना वाट्याचे चार बांगडे पिशवीत पडले. ती बाई म्हणाली, "ह्याच्या आधी तिघांनी फोटो काढलो. एकान पण दिल्यान नाय." मी महिन्याभरात छापून पाठवले. मोबाइलवर पाठवून भागत नाही. भिंतीवर लावायला कागदच लागतो.

किनाऱ्यावरच्या शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना एक सुचवतो. गावातला न हलणारा एखादा दगड, पार किंवा देवळाची पायरी निवडा. दर महिन्याला पुनवेच्या सकाळी त्याच जागेवरून, त्याच दिशेला, मुलांकडून एक फोटो काढून घ्या. मागे तारीख लिहा. एका शाळेत मी हा प्रयोग पाहिला. बारा फोटो वर्गाच्या भिंतीवर ओळीने लावले होते. मे महिन्यात रुंद पुळण. ऑगस्टमध्ये वाळू जवळजवळ नाहीच, काळे धोंडे उघडे. डिसेंबरात वाळू पुन्हा आलेली. पावसाळ्यातल्या लाटा वाळू ओढून नेतात आणि शांत लाटा ती हळूहळू परत आणतात, हे मुलांना कोणी सांगावे लागले नाही.

त्या भिंतीवर दुसऱ्या वर्षाची ओळ सुरू झाली होती. किनाऱ्याच्या एका टोकाला मध्यंतरी दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा बांधला गेला होता. एक मुलगी दोन्ही डिसेंबरचे फोटो शेजारी धरून पाहत होती. तिने बंधाऱ्याच्या पायथ्याशी बोट ठेवले आणि विचारले, "सर, हिथली वाळू या वर्षी परत आली नाही. मग कासव कुठनं चढणार?"