मधुमेह आणि पाऊल

वेदना ही देहाची राखणदार होय. दीर्घकाळच्या मधुमेहांत ती पावलांतून हळूहळू नाहींशी होते. मग जोड्यांतील खडा टोंचत नाहीं, आणि जखम चिघळेपर्यंत पत्ता लागत नाहीं. वेलोर येथें १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनीं कुष्ठरोग्यांच्या बाबतींत हाच बधिरपणाचा घात दाखवून दिला.

म्हणून डॉक्टर १० ग्रॅम दाबानें वांकणारा नायलॉनचा तंतु तळव्यास टेंकवून संवेदना पाहतात. पावलाची नाडी, घट्टे, बोटांचा वांकडेपणा तपासतात. संवेदना व नाडी शाबूत असल्यास वर्षांतून एकदां तपासणी पुरे. बधिर पावलास पूर्वीं व्रण झाला असल्यास दर १ ते ३ महिन्यांनीं हवी. घरीं मात्र तळवे रोज पाहावेत. दुखत नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये. तेंच भयसूचक असूं शकतें.