कामगारांची मुले आणि बालवीर चळवळ



वसंत ऋतूत व्याख्याने योजण्याची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घातली. तेव्हापासून या व्यासपीठावर थोर विद्वान बोलत आले. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पुढले शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. बोलावणे आले तेव्हा मी वेतनकरारावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन, असे चिटणिसांनी गृहीत धरले होते. मी विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "तुम्ही? आणि स्काऊटवर?"

त्यांचे आश्चर्य योग्यच होते. म्हणून मी माझा पराभव आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिली पाळी सुटली होती. तळेगाव-चाकण रस्ता त्या वेळी कसा असतो, हे महाळुंग्याच्या माणसाला सांगायला नको. एका ट्रकचा धक्का लागून मोटारसायकलवरचा एक तरुण रस्त्याच्या कडेला पडला. शुद्ध हरपली होती, मांडीतून रक्त वाहत होते. आम्ही वीस-पंचवीस माणसे भोवती जमलो. काहींनी मोबाइल काढले, ते चित्रे घेण्यासाठी. मी पुढारी ना? मी गर्दी सारून पुढे झालो, पाण्याची बाटली उघडली आणि त्याच्या तोंडाला लावणार, तोच मागून एका पोराने माझा हात धरला. "काका, पाणी देऊ नका. त्याला शुद्ध नाही. पाणी श्वासात जाईल." आठवी-नववीतला मुलगा. त्याने गळ्यातला रुमाल सोडला, त्याची घडी केली, जखमेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. "मान हलवू नका," असे दोघांना बजावले आणि मला म्हणाला, "तुम्ही १०८ ला फोन लावा." मी लावला. तीस वर्षे माणसांना हुकूम देणारा मी, त्या दिवशी एका चौदा वर्षांच्या पोराचा हुकूम मुकाट्याने पाळत होतो.

तो तरुण वाचला. त्याचे श्रेय डॉक्टरांचे. परंतु मी पाणी पाजले असते तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. दुसऱ्या दिवशी मुलाची चौकशी केली. बाप कंत्राटी कामगार, आई कारखान्याच्या उपाहारगृहात. मुलगा शाळेतल्या स्काऊट पथकात. इतके कळल्यावर मी ठरवले की, ज्या गोष्टीला आपण आयुष्यभर नाके मुरडली ती निदान एकदा नीट समजून घ्यावी.

नाके मुरडण्याला कारणे होती, आणि ती मी लपवणार नाही. पहिले कारण घरगुती. मी शाळेत असताना स्काऊटचे पथक निघाले. खाकी चड्डी आणि सदरा घ्यायला वडिलांजवळ पैसे नव्हते. मी साध्या कपड्यांत रांगेत उभा राहिलो, आणि गणवेश नाही म्हणून मला रांगेतून बाहेर काढण्यात आले. कोणत्या शाळेत आणि कोणी, हे सांगण्यात आता अर्थ नाही. पण तो दिवस मी विसरलो नाही. तेव्हापासून स्काऊट म्हणजे इस्त्रीच्या कपड्यांतल्या मुलांचा खेळ, हे माझ्या मनात पक्के बसले.

दुसरे कारण वाचनातून आले. या चळवळीचे जनक लॉर्ड बेडन-पॉवेल हे इंग्रज सेनापती. १८९९-१९०० साली दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंगच्या वेढ्यात त्यांनी २१७ दिवस ते गाव लढवले. तेथे लहान मुलांना निरोप पोचवण्याच्या कामावर घेतले होते, आणि जबाबदारी टाकली तर मुले ती पेलतात, हे तेथे दिसून आले. १९०८ साली त्यांनी मुलांसाठी पुस्तक काढले. त्यातील मूळ नियमांत स्काऊटने राजाशी, अधिकाऱ्यांशी, देशाशी आणि आपल्या मालकाशी एकनिष्ठ राहावे, असे सांगितले होते. मालकाशी! युनियनच्या माणसाने हे वाचून काय करावे? मी पुस्तक मिटवले.

तिसरे कारण आपल्या देशाचे. १९०९ साली बंगलोरला हिंदुस्थानातले पहिले पथक निघाले, ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना त्यात प्रवेश नव्हता.

येथवर मी बरोबर होतो. परंतु पुस्तक अर्धवट वाचून मिटवणारा माणूस अर्धवटच शहाणा होतो. पुढचा इतिहास मी वाचलाच नव्हता.

दार बंद आहे म्हणून आपली माणसे रडत बसली नाहीत. नागपूरचे विवियन बोस, प्रयागचे पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू, शाहजहानपूरचे श्रीराम बाजपेयी, मद्रासला अ‍ॅनी बेझंट आणि अरुंडेल, यांनी हिंदी मुलांची पथके उभी केली. यांतले बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, आणि दालमिया-जैन कंपन्यांच्या कारभाराची चौकशी ज्या आयोगाने केली त्याचे ते प्रमुख होते. मोठ्या भांडवलदारांच्या हिशेबाच्या वह्या उघडणारा माणूस स्काऊटचा पुढारी होता, हे वाचून माझी दुसरी तक्रार थोडी लंगडी पडली. मालवीयजींची पथके सेवा समितीची. १९३८ साली हिंदुस्तान स्काऊट संघटना निघाली, तीही इंग्रजी छत्राखालून बाहेर पडलेल्यांची. स्वातंत्र्यानंतर हे वेगवेगळे प्रवाह ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकत्र आले आणि भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संस्था झाली. या एकीमागे शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांचे प्रयत्न होते. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संघटनाही तीत सामील झाली.

आज या संस्थेच्या नियमांत राजा नाही आणि मालकही नाही. विश्वासूपणा, निष्ठा, सर्वांशी मैत्री, सौजन्य, प्राण्यांवर आणि निसर्गावर प्रेम, शिस्त आणि सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण, धैर्य, काटकसर, आणि मन-वाणी-कृतीची शुद्धता, असे नऊ नियम आहेत. यांतला कोणता नियम कामगाराच्या मुलाला अपायकारक आहे, ते कोणी मला दाखवावे.

इंग्लंडातल्या कामगारांनीही हाच विचार केला. स्काऊटची लष्करी छटा त्यांना रुचली नाही, तेव्हा लेस्ली पॉल या तरुणाने १९२५ साली वुडक्राफ्ट फोक ही मुलामुलींची संघटना काढली आणि सहकारी चळवळीने तिला आधार दिला. आपल्याकडे १९४१ साली एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल उभे राहिले. साने गुरुजींनी त्याला आपले हृदय दिले. सांगायचे एवढेच की, ज्यांना समाज बदलायचा होता त्यांनी मुलांची संघटना ही पोरकट गोष्ट मानली नाही. आपण मात्र बापांची संघटना केली आणि मुलांना मोबाइलच्या हवाली केले.

आता या चळवळीचे यंत्र कसे चालते ते पाहू. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरले. सुमारे वीस मुले. त्यांतली काही श्रीमंतांच्या निवासी शाळांतली, तर काही गावातल्या साध्या कामकरी घरांतली. बेडन-पॉवेलांनी त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघात दोन्ही प्रकारची मुले मिसळली. एकाच तंबूत निजायचे, एकाच चुलीवर शिजवायचे. माझ्या मते चळवळीचे मर्म येथे आहे. आजही सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक, आणि असे तीन-चार संघ मिळून एक पथक होते. पथकाच्या गोष्टी ठरवताना संघनायक एकत्र बसतात. युनियनचे काम केलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल. आम्हीही खात्यागणिक प्रतिनिधी निवडतो. फरक इतकाच की, आमचा प्रतिनिधी चाळिशीत सभा चालवायला शिकतो आणि हा मुलगा बाराव्या वर्षी शिकतो.

आपल्या महाळुंग्याकडे पाहा. तीस वर्षांपूर्वी येथे शेती होती, चाकणचा कांदा होता. आज रात्रीचाही दिवस करणारे कारखाने आहेत. बीड, लातूर, यवतमाळ, बिहार, उत्तर प्रदेश, कोठून कोठून माणसे आली. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगांत पाच भाषा बोलल्या जातात. पलीकडे मोठ्या इमारती, तेथे अधिकाऱ्यांची मुले. दोन्हीकडची मुले एकमेकांना ओळखत नाहीत. खोलीत बाप रात्रपाळीहून येऊन झोपलेला, म्हणून मुलाला बाहेर हाकलतात. आणि बाहेर काय आहे? रस्ता, ट्रक आणि पानटपरी. अशा गावात सहा मुलांच्या संघात बीडचा, बिहारचा आणि इमारतीतला मुलगा एकत्र गाठ मारायला शिकतील, तर ते काम आम्ही पुढाऱ्यांनी केलेल्या शंभर भाषणांपेक्षा मोठे आहे. गाठीचेच घ्या. भार उचलताना दोर कसा बांधावा, कोणती गाठ ताणाखाली सरकते आणि कोणती धरून ठेवते, हे न कळल्यामुळे कारखान्यात अपघात होतात. मुलगा ते खेळता खेळता शिकतो.

'खरी कमाई' हा या चळवळीतला उपक्रम तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मुलांनी शेजारीपाजारी लहानसहान काम करावे आणि श्रमाचे दाम घ्यावे, ही मूळ कल्पना. आज पुष्कळ शाळांत खरी कमाई म्हणजे आईने केलेली भेळ मुलाने विकणे, एवढेच उरले आहे. हे आईची कमाई झाली! मुलाने स्वतः सायकल पुसावी, बागेला पाणी घालावे, वृद्धांचे सामान आणून द्यावे. मात्र युनियनचा माणूस म्हणून एक इशारा देतो. ही कमाई एखाद्या दिवसाच्या शिक्षणासाठी आहे, कोणाच्या फायद्यासाठी नाही. घरच्या धंद्यात शाळेनंतर केलेल्या मदतीसारखे थोडे अपवाद सोडले, तर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास २०१६ सालच्या कायदादुरुस्तीने बंदी आहे. खरी कमाईच्या नावाखाली कोणी ठेकेदार पोरे मागू लागला, तर त्याची गाठ आमच्याशी आहे.

मुलींविषयी दोन शब्द. "मुलीला शिबिराला कसे पाठवू?" असे आया मला विचारतात. भगिनींनो, गाईड मुलींची जागतिक संघटना जगात ठिकठिकाणी केंद्रे चालवते. त्यांतले चौथे केंद्र, 'संगम', १६ ऑक्टोबर १९६६ रोजी आपल्या पुण्यात आळंदी रस्त्यावर उघडले. परदेशच्या मुली समुद्र ओलांडून तेथे येतात. आणि तेथून तासाभराच्या वाटेवर राहणाऱ्या आपल्या मुलीला ते ठाऊकही नसते! गाईड पथकाची प्रमुख स्त्रीच असते. म्हणून मुलींचे पथक हवे असेल, तर एका बाईने पुढे यायला हवे.

येथे मी मूळ अडचणीपाशी येतो. मुले कमी नाहीत. पाच-सहा वर्षांपासूनचे कब आणि बुलबुल, दहा वर्षांपुढचे स्काऊट आणि गाईड, त्यापुढे पंचविशीपर्यंतचे रोव्हर आणि रेंजर, असे सर्व वयांचे दरवाजे उघडे आहेत. प्रवेश, तीन सोपाने, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, अशी पायऱ्यांची वाटही आखलेली आहे. काही पालक परीक्षेतल्या वाढीव गुणांपुरते मुलाला घालतात. घालोत बापडे, मुलगा तेवढ्या निमित्ताने तरी येईल. उणीव आहे ती मोठ्या माणसांची. शाळेतले एकच गुरुजी निवडणुकीचे काम, जनगणना आणि वर्ग सांभाळून पथक चालवतात. त्यांची बदली झाली की पथक संपते.

म्हणून माझे म्हणणे असे की, महाळुंग्यात शाळेच्या पथकांना जोड म्हणून वस्तीचे एक पथक निघावे. त्यासाठी जिल्हा संस्थेकडे नोंदणी करावी लागेल आणि पथकप्रमुखाला प्रशिक्षण घ्यावे लागेल. गणवेशाची जबाबदारी आमच्या युनियनने घ्यावी, असा ठराव मी मांडणार आहे. मोठ्या झालेल्या मुलाचा सदरा धुऊन लहानाला द्यावा, आणि तेही जमले नाही तर गळ्यातला रुमाल पुरे. मात्र एक अट. कपड्यासाठी एकही मूल रांगेतून बाहेर काढले जाणार नाही. ज्या पथकात हे घडेल, तेथे मी स्वतः त्या मुलाशेजारी जाऊन उभा राहीन. आणि पालकांनो, पथक कोठे जाते, कोण नेतो, हे विचारण्याचा हक्क सोडू नका. विचारणारे पालक हीच मुलांची सुरक्षितता.

"आम्हांला वेळ कोठे आहे?" असे तुम्ही म्हणाल. आठवड्याचा एक दिवस आहे. तो कोणी मिळवून दिला? नारायण मेघाजी लोखंड्यांनी. त्यांचे मूळ गाव आपल्याच खेड तालुक्यातले कन्हेरसर. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले आणि १८९० साली ती मिळवली. आठवड्यातला एक दिवस कामगाराने आपल्या समाजासाठी द्यावा, अशीही त्यांची भावना होती. त्या रविवारातले दोन तास मी तुमच्याजवळ मागतो. तुमची सुट्टी रविवारी नसेल, तर ज्या दिवशी असेल त्या दिवशीचे.

मी वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमोपचार शिकायला बसलो. शेजारी बाकावर दहा वर्षांची मुले. पहिल्या दिवशी माझी पट्टी सुटली आणि ती हसली. दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच एकाने मला पट्टी बांधून दाखवली. इतका आनंदाचा अपमान माझ्या आयुष्यात झाला नव्हता.

दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना तीत नाव लिहा. परंतु आपल्या मुलाचे नाव लिहिण्याआधी तिच्या पहिल्या पानावर स्वतःचे लिहा. मुलांची पाने मागे आहेत, ती आपोआप भरतील. पहिल्या पानावर आज एकच नाव आहे, आणि ते माझे आहे.