सही आईची, मतही आईचेच




१९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकार मागितला. तो अधिकार आज आपल्याला या देशातही लाभतो. परंतु नागरिकत्वाची शपथ घेतल्याने मतदार यादीत नाव आपोआप चढत नाही. १९९३ च्या कायद्यान्वये बहुतेक राज्यांत वाहन परवान्याच्या कार्यालयातच नोंदणी करता येते. ग्रीन कार्डधारकांनी मात्र तो अर्ज भरू नये; त्यातून हद्दपारीचाही प्रसंग ओढवू शकतो.

नोंदणीनंतर प्रश्न येतो पद्धतीचा. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जावे, मुदतपूर्व मत द्यावे की टपालाने, हे राज्याचे नियम पाहून ठरवावे. माझ्या आईची टपाली मतपत्रिका घरी आली, तेव्हा मीच ती भरावयास बसलो. आई म्हणाली, "बाबा, सही माझी अन् मत तुझं?" मी खजील झालो.

१९८२ साली मतदान हक्क कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, मतपत्रिका वाचू न शकणाऱ्या मतदाराला आपल्या पसंतीचा साहाय्यक सोबत नेता येतो. नोकरीचा मालक वा कामगार संघटनेचा प्रतिनिधी तेवढा चालत नाही. पुढील निवडणुकीत मी आईसोबत केंद्रावर गेलो. मी वाचून दाखविले, निवड तिने केली.

औषधाची चिठ्ठी खिशात ठेवून रुग्ण बरा होत नाही. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राचेही तसेच आहे. आज घरी परतल्यावर प्रत्येकाने आपले व आपल्या आईचे नाव यादीत आहे काय, एवढे अवश्य पाहावे.

जय भीम! नमो बुद्धाय!