केळ्याला बी का नसते?

मुलांना पुनरुत्पादनाचा धडा असेल, तर आज स्वयंपाकघरातलं एक केळं घ्या आणि आडवं कापा. मध्ये बारीक काळे ठिपके दिसतील. त्या बिया व्हायच्या होत्या, झाल्याच नाहीत. या केळ्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. मग नवं झाड येतं कुठून? जमिनीतल्या कंदाला मुनवे फुटतात, ते काढून लावायचे. हे अलैंगिक प्रजनन. प्रत्येक नवं झाड म्हणजे जुन्याची हुबेहूब कॉपी-पेस्ट.

इथल्या सुपरमार्केटमधलं केळं बहुधा कॅव्हेंडिश असतं. नाव इंग्लंडचंच! १८३०च्या दशकात डर्बीशायरच्या चॅट्सवर्थ हाऊसमध्ये जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने ते काचघरात वाढवलं आणि मालकाच्या, म्हणजे विल्यम कॅव्हेंडिश यांच्या आडनावावरून त्याचं नाव पडलं. आपल्या जळगावचं ग्रँड नैन केळंही याच घराण्यातलं.

कॉपी-पेस्टचा फायदा उघड आहे. काम झटपट आणि चव तीच. तोटा आम्हा आयटीवाल्यांना चांगला ठाऊक आहे: सगळ्या मशीनवर एकच सॉफ्टवेअर असेल, तर एकच व्हायरस सगळी बंद पाडतो. कॅव्हेंडिशच्या आधी बाजारात ग्रो मिशेल नावाचं केळं होतं. पनामा रोगाची बुरशी मातीतून शिरली आणि १९५०-६०च्या सुमारास त्याचा मोठा व्यापार संपला. कॅव्हेंडिश त्या बुरशीला पुरून उरलं, म्हणून त्याची निवड झाली. आता याच बुरशीचा नवा प्रकार, टीआर४, कॅव्हेंडिशलाही मारतो. २०१९मध्ये तो कोलंबियात सापडला. फवारणीने तो जात नाही आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो.

लैंगिक प्रजननात परागकण आणि बीजांड एकत्र येतात, दोघांचे गुण नव्याने मिसळतात. प्रत्येक बी थोडं वेगळं असतं. रोग आला तर काही मरतील, काही तगतील. गोड्या पाण्यातला इवलासा हायड्राच बघा. खायला भरपूर असेल तेव्हा अंगालाच कळी फुटून पिल्लू तयार होतं. पाणी गार झालं, दिवस कठीण आले, की बरेचसे हायड्रा लैंगिक प्रजननाकडे वळतात. निसर्ग दोन्ही वाटा खुल्या ठेवतो. केळ्याच्या व्यापारात आपण एकच ठेवली.

म्हणून वेगवेगळ्या जाती जपणं ही चैन नाही, तो आपला बॅकअप आहे. देशी दुकानात वेलची केळी दिसली तर जरूर घ्या. सुट्टीत वसईकडे गेलात तर मुलांना राजेळी खाऊ घाला. त्याही मुनव्यांनीच वाढतात, पण जाती वेगळ्या. खाणारे राहिले, तरच लावणारे राहतील.

आणि या शनिवारी मुलांबरोबर दोन कुंड्या भरा. एकीत पुदिन्याची काडी खोचा, दुसरीत धणे पेरा. कुठल्या कुंडीत कॉपी उगवली आणि कुठल्या कुंडीत नवी भावंडं, हे त्यांनाच सांगू द्या.