खड्डा खणला, पुढे काय?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सचिवसाहेबांनी मला 'शाळेतली सेवा आणि आजची मुलं' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. मास्तराला दहा मिनिटं म्हणजे हजेरी घेण्यातच जातात! तरी प्रयत्न करतो.

आपल्या नंदुरबारला हा विषय नवा नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर याच गावात गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हुतात्मा झाले. शिरीषकुमार तर अवघ्या १५ वर्षांचा, शाळेत जाणारा मुलगा. 'मुलं लहान आहेत, त्यांना काय कळतं' हे वाक्य निदान आपल्या गावात तरी कुणी म्हणू नये.

स्वातंत्र्यानंतर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सुरुवातीला ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. पुढे ती अकरावी-बारावीपर्यंत आली. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. छातीवरच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. बोधवाक्याचा अर्थ सोपा आहे: मी नव्हे, तर तुम्ही.

आमच्या विद्यालयात सहा वर्षं हे काम माझ्याकडे होतं. आता एक कबुली देतो. एका वर्षी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात आमचं शिबिर होतं. हातपंपाजवळ सांडपाण्याचा चिखल साचायचा. मुलांनी दोन दिवस राबून शोषखड्डा केला. खाली मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर विटांचे तुकडे आणि तोंडाशी भोकं पाडलेलं मडकं. समारोपाला पाहुणे आले, फोटो निघाले, वर्तमानपत्रात बातमीही आली. मी ते कात्रण फाइलला लावलं.

पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो तर खड्डा तुंबलेला आणि चिखल होता तिथेच. पाणी भरायला आलेल्या एक आजीबाई म्हणाल्या, "गुरुजी, खड्डा तर केला, पण साफ कुणी करायचा ते सांगितलंच नाही."

मडक्यात साचलेला गाळ अधूनमधून काढावा लागतो, आतली नारळाची शेंडी बदलावी लागते. हे आम्ही गावात कुणालाच दाखवलं नव्हतं. काम आम्ही गावासाठी केलं, गावाबरोबर केलं नाही. चूक मुलांची नव्हती, माझी होती.

त्यानंतर मी नियम केला. वर्षात कामं कमी घ्यायची, पण महिन्यातून एक रविवार परत जायचं. तुंबलेला खड्डा उपसला, तेव्हा गावातली चार पोरं सोबत घेतली. दिवाळीनंतर त्यांतली दोन आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली, म्हणून आणखी दोघांना शिकवलं. या वेळी फोटो काढायला कुणी नव्हतं, पण पुढच्या उन्हाळ्यात हातपंपाजवळ चिखल नव्हता.

आता आपल्या घरचं बोलतो. लॉकडाऊनमध्ये मी आणि सौ. दोघंच घरात होतो. मुलगा पुण्यात अडकलेला. तेव्हा आपल्याच सोसायटीतली दोन मुलं रोज संध्याकाळी खालून हाक मारायची, "आजोबा, गोळ्या आणायच्या का?" त्यांच्या छातीवर बिल्ला नव्हता आणि तासही कुणी मोजत नव्हतं. त्या हाकेची आम्ही दोघं वाट पाहायचो.

आज २५ वर्षांनी आपल्यापैकी कितीतरी घरांत म्हातारी माणसं एकटी आहेत. म्हणून माझी विनंती आहे, आठवी ते बारावीच्या मुलामुलींचं एक सेवा पथक सोसायटीने सुरू करावं. वर्षाला दोनच कामं घ्या: एकट्या ज्येष्ठांची आठवड्याला विचारपूस आणि आपल्या बोअरजवळ एक शोषखड्डा. खड्डा कसा करायचा ते मी शिकवीन. साफ कुणी करायचा, हेही या वेळी आधीच ठरवू!

आणि पालकांनो, 'त्याचं दहावीचं वर्ष आहे' म्हणून मुलांना अडवू नका. आठवड्याचा एक तास दिल्याने टक्के कमी झालेला विद्यार्थी मी तरी पाहिला नाही.

दहा मिनिटं केव्हाच संपली. सचिवसाहेब घड्याळ दाखवत आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी रविवारी सकाळी आठ वाजता पाण्याच्या टाकीजवळ यावं. फावडं माझ्याकडे आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र!